विश्लेषण : मालक परदेशात, गाडी पुण्यात, नोंदणी आणि विम्याचे नियम काय सांगतात?

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एक ठरलेले दृश्य दिसते. फ्रँकफर्टहून किंवा न्यू जर्सीहून मुलगा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेला असतो. गाडीवरचे कव्हर निघते, धूळ झटकली जाते, किल्ली फिरवली जाते आणि काहीच होत नाही. बॅटरी उतरलेली असते. (गाडी उभी असली तरी अलार्म आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा थोडीथोडी वीज खातच असतात, जाताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली असती तर ही वेळ आली नसती.) शेजाऱ्यांच्या गाडीला केबल जोडून इंजिन सुरू होते आणि मंडळी कोकणाच्या रस्त्याला लागतात. पीयूसी संपून आठ महिने झाले आहेत आणि विम्याचे नूतनीकरण कुणी केले की नाही, हे घरात कुणालाच नक्की माहीत नसते.

परदेशात नोकरी करणाऱ्या अनेकांची अशी एक गाडी इथे असते. काहींनी ती जाण्याआधी घेतलेली असते, तर काहींनी आईवडिलांना दवाखान्यात, लग्नकार्याला जाता यावे म्हणून नंतर घेऊन दिलेली असते. मालक दूर असला तरी कायद्यापुढे मालक तोच. अपघात झाला तर नोटीस त्याच्याच नावाने निघते आणि कागद नीट नसतील तर भरपाईची रक्कमही त्याच्याकडूनच वसूल होऊ शकते.

परदेशात राहणाऱ्याच्या नावावर भारतात गाडी असू शकते का?

असू शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४० मध्ये निकष पत्त्याचा आहे. मालकाचा निवास किंवा व्यवसाय जिथे आहे आणि वाहन सामान्यतः जिथे ठेवले जाते, त्या राज्यातल्या नोंदणी प्राधिकरणाकडे नोंदणी करायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओत ती करता येते. अनिवासी भारतीय असो वा ओसीआय कार्डधारक, भारतातला पत्ता कागदोपत्री दाखवता आला की गाडी नावावर होते.

अडचण येते ती याच पत्त्याच्या पुराव्यावर. पासपोर्ट हा मान्य पुरावा आहे. पण परदेशातल्या भारतीय वकिलातीतून नूतनीकरण केलेल्या पासपोर्टवर अनेकदा तिथलाच पत्ता छापलेला असतो. मग आधार कार्ड शोधले जाते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयांना भारतात आल्यावर मुक्कामाची अट न लावता आधारसाठी अर्ज करता येतो. २०१९ मध्ये तसा बदल झाला. ओसीआय कार्डधारकांसाठी मात्र आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्याची अट आहे. तीन आठवड्यांच्या सुट्टीत ती पूर्ण होणे शक्य नाही.

पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवावे, असे कलम ४९ सांगते. हे कलम देशातल्या देशात घर बदलणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी व्यवहार्य मार्ग एकच : गाडी जिथे उभी असते, त्या घराचा पत्ता आरसीवर ठेवायचा आणि तिथे टपाल घेणारे कुणीतरी असेल हे पाहायचे. गाडी बेंगळुरूच्या भावाकडे ठेवली असेल तर मात्र १२ महिन्यांनंतर कर्नाटकचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. ‘एमएच’ पाटीवर वर्षानुवर्षे तिथे फिरता येत नाही.

बंद पडलेल्या सिमकार्डाचा प्रश्न

पत्त्याइतकाच महत्त्वाचा झालेला, पण सहसा शेवटी आठवणारा तपशील म्हणजे मोबाइल क्रमांक. ‘वाहन’ पोर्टलवरची बहुतेक कामे ओटीपीवर चालतात. ई-चलनाचा संदेशही त्याच क्रमांकावर जातो. परदेशी गेल्यावर भारतातले सिम रिचार्जअभावी बंद पडते आणि काही काळाने तो क्रमांक दुसऱ्याच ग्राहकाला मिळतो. परिणाम असा की, गाडीची चलने अनोळखी माणसाच्या फोनवर जमा होत राहतात आणि मालकाला त्यांचा पत्ता लागतो तो गाडी विकायला काढल्यावर.

यावरचा उपाय साधा आहे. जाण्याआधी ‘वाहन’वर घरातल्या, भारतात राहणाऱ्या व्यक्तीचा चालू क्रमांक नोंदवून ठेवावा. आधारशी जोडलेला क्रमांकही एकदा तपासावा, कारण आरटीओच्या घरबसल्या मिळणाऱ्या अनेक सेवांमध्ये ओळख आधारवरून पटवली जाते. तो क्रमांक बंद असेल तर ‘घरबसल्या’ या शब्दाला अर्थ उरत नाही. कागद घेऊन कुणालातरी आरटीओच्या रांगेत उभे राहावे लागते.

काही कामांना तर गाडीच हजर लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५ हजार रुपये झाले आहे. उशीर झाला तर वर दंड. २०१० च्या आसपास घेऊन ठेवलेल्या गाड्या आता या टप्प्यावर आल्या आहेत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवण्याची सक्तीही आहेच आणि पाटी काही कुरिअरने फ्रँकफर्टला मागवता येत नाही.

गाडी उभीच असते, मग विमा कशाला?

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरायचे असेल तर थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. म्हणजे कायद्याचे बोट ‘वापरा’वर आहे. ब्रिटनमध्ये याच्या उलट पद्धत आहे. तिथे गाडी उभी असली तरी विमा लागतो. नको असेल तर गाडी रस्त्यावर आणणार नसल्याचे सरकारला रीतसर कळवावे लागते. जर्मनीत गाडी वापरातून काढायची तर नोंदणी थांबवली जाते आणि नंबरपाटीवरचा शिक्का काढला जातो. आपल्याकडे खासगी मोटारीसाठी तसे सोपे ‘तात्पुरते बंद’चे बटण नाही. त्यामुळे ‘उभी आहे’ हा दावा मालकाच्या आणि शेजाऱ्यांच्या तोंडीच राहतो.

त्यातही ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८०च्या दशकातच या शब्दांचा अर्थ व्यापक लावला आहे. जिथे लोकांना प्रवेश आहे, मग तो मुक्त असो वा नियंत्रित, ती जागा यात येते. वॉचमन नोंद करून आत सोडतो म्हणून सोसायटीचे आवार आपोआप खासगी ठरेल, या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. शिवाय बॅटरी उतरू नये म्हणून वडील आठवड्यातून एकदा गाडी कोपऱ्यापर्यंत फिरवून आणतात. तो कोपरा निर्विवाद सार्वजनिक असतो.

विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २ हजार आणि पुन्हा सापडल्यास ४ हजार रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण घाबरायचे ते दंडाला नाही. अपघातात कुणी दगावले किंवा कायमचे जायबंदी झाले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल, तिला वरची मर्यादा नाही. मयत व्यक्ती तरुण आणि कमावती असेल तर रक्कम सहज कोटीच्या घरात जाऊ शकते. विमा असेल तर ती कंपनी भरते, नसेल तर चालक आणि मालक. त्या तुलनेत प्रीमियम पाहा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक प्रीमियम १ हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये, १ हजार ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहे. त्यावर कर वेगळा. युरोपात एका महिन्याच्या विम्यालाही अनेकदा यापेक्षा जास्त पैसे जातात.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसोबत तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. इथे एक गैरसमज होतो. तीन वर्षे हा भाग चालू राहतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुधा वर्षाचाच असतो. तो संपला तरी ‘विमा आहे ना तीन वर्षांचा’ असे म्हणत लोक निर्धास्त राहतात.

उभ्या गाडीला खरी गरज या दुसऱ्या भागाची असते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी परिसरात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरले. अशा गाडीला थर्ड पार्टी विम्यातून एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पूर, आग आणि चोरी येते. त्यातही एक मेख आहे. पाण्यात बुडालेली गाडी कुणी ‘चालू होते का पाहू’ म्हणून सुरू केली, तर पाणी सिलिंडरमध्ये ओढले जाते, पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराने थेट झालेले नसल्याचे सांगून कंपनी दावा नाकारू शकते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते. घरच्यांना परदेशातून फोनवर सांगायची एकच गोष्ट असेल तर ती ही : पाणी लागलेल्या गाडीला किल्ली लावू नका.

नूतनीकरण चुकले तर ९० दिवस महत्त्वाचे. तेवढ्या काळात पॉलिसी पुन्हा घेतली नाही तर साठलेला नो क्लेम बोनस जातो. दावा न केलेल्या पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत तो ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. मुदत उलटून गेल्यावर गाडीची पाहणीही करून घ्यावी लागते. कमी वापराच्या गाडीसाठी किलोमीटरवर आधारित विम्याला ‘आयआरडीएआय’ने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली आहे. वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी तो पर्याय कंपनीला विचारून पाहण्यासारखा आहे.

गाडी चालवतो कोण?

परदेशातल्या मालकाची गाडी वडील चालवतात, भाचा चालवतो, कधी तासावर बोलावलेला ड्रायव्हर चालवतो. कंपनी प्रत्येकाच्या बाबतीत एकच गोष्ट बघते : वैध परवाना आहे का. नसेल आणि अपघात झाला, तर सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग’ खटल्यात घालून दिलेले सूत्र लागते. पीडिताचे नुकसान होऊ नये म्हणून कंपनी आधी भरपाई देऊ शकते आणि मालकाने निष्काळजीपणे गाडी सोपवल्याचे सिद्ध झाले तर तीच रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते. मालकाने परवाना पाहून गाडी दिली होती का, हा त्यातला कळीचा प्रश्न. चालकाच्या परवान्याचा फोटो मागवून जपून ठेवणे ही दोन मिनिटांची गोष्ट आहे.

सुट्टीवर आलेला मालकही याला अपवाद नाही. भारतीय परवान्याची मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत अर्ज केला तर चाचणीविना नूतनीकरण होते, त्यानंतर पुन्हा चाचणी द्यावी लागते. परदेशी परवाना असेल तर त्या देशातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घेऊन यावा, आणि तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आहे का, हे पाहून घ्यावे. भारत त्या कराराचा सदस्य आहे.

वडिलांच्या नावावर गाडी ठेवणे बरे नाही का?

रोजच्या व्यवहारापुरते पाहिले तर बरे. जो गाडीजवळ राहतो, त्याच्याच नावावर ती असेल तर ओटीपी, चलन, तपासणी, विम्याचा सर्व्हेअर सगळे सोपे होते. पैसे कुणी भरले याच्याशी आरटीओला देणेघेणे नाही. फक्त आरसी आणि पॉलिसी एकाच नावावर हवी. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, अशी स्थिती असेल तर तिऱ्हाइताला भरपाई मिळू शकते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. गाडी हस्तांतरित झाल्यावर कायद्याने आपोआप सरकतो तो फक्त थर्ड पार्टी विमा, हे सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच स्पष्ट केले आहे.

वयस्कर आईवडिलांच्या बाबतीत मात्र एका गोष्टीचा विचार आधी करावा लागतो आणि तो कुणी करत नाही, कारण विषय काढायचा कसा हाच प्रश्न असतो.

मालकाचे निधन झाले तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ५६ लागू होतो. गाडी ज्याच्या ताब्यात येते, त्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला निधनाची आणि गाडी वापरण्याच्या इराद्याची माहिती द्यायची. तसे केले तर निधनाच्या तारखेपासून तीन महिने ती वापरता येते. याच तीन महिन्यांत ‘फॉर्म ३१’ भरून ती नावावर करून घ्यायची. विम्याचीही मुदत तेवढीच. पॉलिसीधारकाच्या निधनाने पॉलिसी लगेच रद्द होत नाही. ती तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यापैकी जे आधी येईल तोवर चालू राहते. वारसांनी मृत्यूचा दाखला आणि हक्काचा पुरावा देऊन ती आपल्या नावे करून घ्यावी किंवा नवी घ्यावी, अशी अट पॉलिसीतच छापलेली असते.

प्रत्यक्षात काय होते? मुलगा दोन आठवड्यांची रजा काढून येतो. दिवस होतात, बँक, पेन्शन, फ्लॅट यांची कागदपत्रे सुरू होतात आणि तो परत जातो. गाडीचे नाव यादीत कुठेतरी शेवटी असते. पाच-सहा महिन्यांनी विमा कंपनीचा नूतनीकरणाचा ईमेल येतो, तो परदेशातूनच कार्डाने पैसे भरतो. पोर्टल पैसे घेते, नवी पॉलिसी पीडीएफमध्ये येते आणि तिच्यावर वडिलांचे नाव असते. मालक हयात आहे का, हे ऑनलाइन फॉर्म विचारत नाही. दावा दाखल झाल्यावर मात्र तो पहिला प्रश्न असतो. मृत व्यक्तीशी करार होत नाही, एवढे कारण कंपनीला वाद घालायला पुरेसे आहे. आईला दवाखान्यात नेणारा ड्रायव्हर आणि रस्त्यावरचा पादचारी यांच्यामध्ये तेव्हा नेमके कुणाचे विमासंरक्षण उभे आहे, हे न्यायाधिकरणात ठरत बसते.

हे टाळण्याचे दोन मार्ग आहेत. एप्रिल २०२१ च्या दुरुस्तीनंतर मालकाला आरसीमध्येच नॉमिनी नोंदवता येतो, आधीच्या गाडीसाठीही. मालकाच्या निधनानंतर गाडी नॉमिनीच्या नावे होणे त्यामुळे सोपे होते. बँक खात्याला आपण नॉमिनी लावतो, गाडीलाही लावता येतो हे अनेकांना ठाऊकच नाही. दुसरा मार्ग निधनानंतरचा : गाडी परदेशातल्या मुलाऐवजी इथल्या आईच्या नावावर करावी. आईला गाडी चालवता येत नाही म्हणून लोक अडखळतात, पण आरसीवर नाव असायला परवाना लागत नाही. परवाना नसलेल्या मालकाला सक्तीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही घ्यावा लागत नाही. इतर वारसांचे संमतीपत्र मात्र लागते. मुलगा किंवा मुलगी दिवसकार्याला इथे असतानाच त्यावर सही झाली तर पुढचा फेरा वाचतो. नंतर तेच संमतीपत्र किंवा मुखत्यारपत्र परदेशातून पाठवायचे तर नोटरी, अपोस्टिल किंवा भारतीय दूतावासाचे साक्षांकन आणि महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

विकून टाकली तर सुटका होते?

सही केलेले कोरे ‘फॉर्म २९’ आणि ‘फॉर्म ३०’ एजंटाच्या हाती देऊन विमानात बसणारे कमी नाहीत. गाडी विकल्याची माहिती मालकाने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात विकली असेल तर ४५ दिवसांत आरटीओला द्यायची असते. खरेदीदाराला ३० दिवसांची मुदत आहे. कर्ज फिटूनही आरसीवरून बँकेचा बोजा उतरवलेला नसेल तर हस्तांतर तिथेच अडते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिलेल्या एका प्रकरणात मूळ मालकाने गाडी २००७ मध्येच विकली होती. ती पुढे आणखी काही हातांत फिरली आणि २००९ मध्ये तिच्या अपघातात एकाचा मृत्यू झाला. आरसीवर नाव मात्र शेवटपर्यंत पहिल्याच मालकाचे होते. गाडी आपल्या ताब्यात नव्हती, हा त्याचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. कायद्याच्या व्याख्येनुसार ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच मालक, असे सांगत भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकण्यात आली.

१ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत डीलरला गाडी विकताना ‘फॉर्म २९सी’द्वारे ती सोपवल्याची सूचना आरटीओला देता येते. त्यानंतर पुढचा ग्राहक मिळेपर्यंत डीलर हाच मालक मानला जातो. परतीच्या विमानाची तारीख जवळ आलेल्यांसाठी हा मार्ग सोयीचा आहे. डीलरकडे आरटीओचे प्राधिकारपत्र आहे का, तेवढे आधी पाहून घ्यावे. नाव प्रत्यक्षात बदलले की नाही, हे ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून कुठूनही तपासता येते. मालकाचे पूर्ण नाव तिथे दिसत नाही, काही अक्षरे झाकलेली असतात. पण ते आपले आहे की नाही, हे कळण्याइतके दिसते.